घरासाठी टेलिफोन घेताना

लोणी देवकर हे इंदापूर तालुक्यातले गाव. पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. गावाजवळ औद्योगिक वसाहत आहे. मुलगा रात्रपाळीला गेला, सून माहेरी गेली, की घरात म्हातारी माणसेच उरतात. मोबाईलवरची बारीक अक्षरे त्यांना दिसत नाहीत. चार्जिंग करायचेही राहून जाते. अशा घरात ठरलेल्या जागी तारेचा टेलिफोन असला म्हणजे मोठा आधार वाटतो. अंधारातही हात बरोबर तिथे जातो.

पण दुकानात गेले की दुकानदार दहा डबे पुढे मांडतो. त्यातला कोणता घ्यायचा? चला, आपण नीट पाहू.

पूर्वी ही अडचण नव्हती. मुंबईत टेलिफोन 1882 साली आला. पुढे कित्येक वर्षे जोडणीबरोबर खात्याचेच यंत्र मिळे. बंगळूरला 1948 साली निघालेल्या सरकारी कारखान्यात अशी यंत्रे होत. आता यंत्र आपले आपण निवडायचे. म्हणून पारख आपल्याला हवी.

पहिली गोष्ट विजेची. घरातली वीज गेली, तर फोन चालेल का? हे आधी विचारा.

तांब्याच्या तारेची जुनी जोडणी असेल, तर फोनला लागणारी वीज त्याच तारेतून येते. टेलिफोन केंद्रातल्या बॅटऱ्या ती पुरवतात. ती साधारण 48 व्होल्ट असते. म्हणून गावात अंधार झाला तरी साधा फोन चालू राहतो. बिनतारी फोनचे तसे नाही. तो हातात घेऊन घरभर हिंडता येते, हे खरे. पण त्याची बैठक घरच्या विजेवर चालते. वीज गेली की तो मुका!

आता बऱ्याच ठिकाणी काचेच्या बारीक धाग्याची जोडणी येते. तिला फायबर म्हणतात. या धाग्यातून वीज येत नाही, उजेड येतो. घरात एक छोटी पेटी बसवतात. फोन त्या पेटीला जोडतात. ही पेटी घरच्या विजेवर चालते. म्हणजे फोन साधा असला तरी वीज जाताच तो बंद! त्यासाठी पेटीला बॅटरीची सोय करून घ्यावी. पेटीवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचावे आणि त्याच मापाची बॅटरी आणावी. रात्री-अपरात्री दवाखान्याला फोन करायची वेळ येते, तेव्हा या सोयीची किंमत कळते.

दुसरी गोष्ट वापरणाऱ्याची. फोन कोण वापरणार? आजी वापरणार असतील, तर आजींना दुकानात बरोबर न्या. त्यांच्या हातात फोन द्या. बटणे मोठी आहेत का? आकडे ठळक आहेत का? घंटा मागच्या अंगणात ऐकू जाईल का? आवाज कमीजास्त करता येतो का? घंटा वाजताना दिवा लुकलुकत असेल, तर कमी ऐकणाऱ्याला तो उपयोगी पडतो. पडद्यावर नंबर दाखवणाऱ्या काही फोनना वेगळे सेल लागतात. तेही विचारून घ्या.

तिसरी गोष्ट पावतीची. जमले तर फोन दुकानातच जोडून बोलून पाहा. पक्की पावती मागा. हमीच्या कागदावर तारीख आणि शिक्का घ्या. पावती नसेल तर भांडायला पुरावा राहत नाही. दुकानदाराने दाद दिली नाही, तर ग्राहकांच्या 1915 या नंबरावर तक्रार सांगता येते.

फोन घरी आला. आता एक पुठ्ठा घ्या. त्यावर मोठ्या आकड्यांत नंबर लिहा. संकटात मदतीसाठी 112. रुग्णवाहिकेसाठी 108. खाली मुलाचा नंबर, शेजाऱ्याचा नंबर. एक ध्यानात ठेवा. 15 जानेवारी 2021 पासून तारेच्या फोनवरून मोबाईलला लावताना आधी 0 दाबावे लागते. म्हणून मुलाच्या नंबराआधी पुठ्ठ्यावर 0 लिहूनच ठेवा.

वळवाचा पाऊस आला, विजा कडकडू लागल्या, की तारेच्या फोनवर बोलू नये. तारेतून धक्का बसू शकतो. आभाळ भरून येताच फोनची तार काढून ठेवावी. पाऊस ओसरल्यावर ती परत जोडावी, विसरू नये.

भारी फोन म्हणजे चांगला फोन, असे नाही. अडीअडचणीला घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला जो वापरता येईल, तो चांगला.

सांगा पाहू :
1. वीज गेल्यावर बिनतारी फोन का बंद पडतो?
2. फायबरची जोडणी असेल तर कोणती सोय करावी?
3. मोबाईलला फोन लावताना आधी काय दाबावे?

करा पाहू :
आपल्या घरासाठी नंबरांचा पुठ्ठा लिहा. घरातल्या सर्वांकडून तो मोठ्याने वाचून घ्या.