खारेपाटाचे बांध

वडखळहून अलिबागकडे जाणारा रस्ता धरमतरच्या पुलावरून अंबा नदी ओलांडतो आणि शहाबाज, पोयनाड या गावांवरून पुढे जातो. पावसाळ्याच्या दिवसांत या वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला दोन्ही बाजूंस दूरवर हिरवीगार भातशेती दिसते. ही सारी शेते पाटासारखी सपाट असतात. दृष्टी जेथे संपते तेथे, खाडीच्या अंगाला, मातीची एक लांबच लांब वेडीवाकडी रेघ दिसते. हा खारबांध होय. बांधाच्या अलीकडे पावसाच्या गोड्या पाण्यावर भात डोलत असते आणि पलीकडे उधाणाच्या वेळी शेताच्या पातळीहून अधिक उंचीवर समुद्राचे पाणी उभे असते. समुद्र खाली आणि जमीन वर ही सृष्टीची नेहमीची रीत येथे उलटी झालेली आहे, आणि ती तशी टिकवून धरण्याचा सारा भार त्या मातीच्या रेघेवर आहे.

रायगड जिल्ह्याच्या पेण व अलिबाग या तालुक्यांतील या प्रदेशास खारेपाट असे म्हणतात. (या जिल्ह्याचे पूर्वीचे नाव कुलाबा, १९८१ साली ते बदलले.) एके काळी हा सर्व भाग खाजण होता. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी त्यावर पसरे व ओहोटीबरोबर निघून जाई. मागे राही तो चिखल आणि त्यात वाढणारी तिवरांची झाडी. अशा जमिनीत शेतकऱ्यांनी कमरेएवढ्या चिखलात उभे राहून बांध घातले, खारे पाणी बाहेर रोखले आणि पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन काढून ती पिकाखाली आणली. बांध घालून जमीन उठवणाऱ्यांपैकी काहींना शिलोत्रदार म्हणत. सरकारी साऱ्याखेरीज कुळांकडून धान्याचा एक हिस्सा त्यांना मिळे आणि त्याच्या मोबदल्यात बाहेरचा बांध सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे. बांधाचे काम एकदा करून संपत नाही, ते दरवर्षी करावे लागते, ही गोष्ट त्या जुन्या व्यवस्थेने पुरती ओळखली होती असे दिसते.

बांधाची रचना दिसावयास साधी असते. बाहेरच्या बाजूस खाडीतील चिकट माती थरावर थर देऊन चढवितात. लाटांचा मारा जेथे अधिक असतो तेथे दगड रचतात. हा झाला बाहेरकाठा. आतील बाजूस शेतांच्या रक्षणासाठी दुसरे, लहान बांध असतात. परंतु नुसता बांध घालून भागत नाही. पावसाळ्यात आतल्या शेतांत जे पाणी साचते ते बाहेर कसे जावयाचे? त्यासाठी बांधात ठिकठिकाणी उघाड्या ठेवलेल्या असतात. उघाडीच्या तोंडाशी खाडीच्या बाजूलाच उघडणारी झडप बसविलेली असते. भरती येऊ लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. कोणी राखणदार नसतानाही समुद्राच्या बळावरच समुद्राला अडविणारे हे दार पाहिले म्हणजे ज्यांनी ते योजिले त्यांच्या बुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

आता या बांधांचा ज्या पाण्याशी सामना होतो त्याचा विचार करू. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आगेमागे भरती फार मोठी येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती बेताची असते. तिला भांगाची भरती म्हणतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोकणातील दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब आहे. म्हणजे अष्टमीस सहा वाजता, तर द्वादशीस नऊ वाजता पाणी पूर्ण भरते. ही भरती ठरलेल्या वेळी येते आणि तिची उंची आधी सांगता येते. बांधाची उंचीही तिच्याच मानाने राखलेली असते.

चक्रीवादळाचे तसे नाही. वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी झालेला असतो, त्यामुळे तेथील समुद्राचा पृष्ठभाग थोडा फुगतो; दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते. याहून मोठे काम वारा करतो. तो समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटीत आणतो. समुद्र उथळ असेल तर त्या पाण्याला खाली परत जाण्यास वाव मिळत नाही आणि ते किनाऱ्याशी चढत राहते. खाडीच्या अरुंद होत जाणाऱ्या तोंडात शिरल्यावर तर ते आणखी उंच होते. या फुगवट्याचे पाणी जर उधाणाच्या पाण्यावर स्वार झाले, तर नेहमीच्या भरतीस पुरून उरणारा बांधही ठेंगणा पडतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरुड व अलिबाग या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, घरांची छपरे उडविली. तो ज्येष्ठ शुद्ध द्वादशी-त्रयोदशीचा दिवस होता, पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. वर सांगितलेल्या हिशेबाने पूर्ण भरती सकाळी नऊ-पावणेदहाच्या सुमारास होऊन गेली होती आणि वादळाचा मध्य किनाऱ्यावर आला तो दुपारी, पाणी ओसरत असताना. हेच वादळ तीन-चार तास आधी आले असते तर खारेपाटातील बांधांची फार कठीण परीक्षा झाली असती. त्या दिवशी बांधांनी किनारा वाचविला असे म्हणण्यापेक्षा घड्याळाने वाचविला असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

बांधावरून पाणी वाहू लागले की तो कोठून फुटतो? पुष्कळांचा समज असा की, लाटांच्या माऱ्याने तो बाहेरून फुटतो. तसे होतेही. परंतु अनेकदा घात आतल्या बाजूने होतो. बांधाच्या माथ्यावरून ओसंडलेले पाणी आतल्या उतारावरून वेगाने खाली कोसळते. त्या बाजूस दगडाचे कवच नसते. माती वाहून जाते, बांध मागून पोखरला जातो आणि मग पुढून येणारा पाण्याचा लोंढा त्यास सहज पाडतो. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रात उठलेल्या वादळाने हॉलंडमधील कित्येक बांध याच रीतीने फोडले. बांध घालून समुद्रापासून भूमी मिळविण्याच्या विद्येत ज्यांचा हात जगात कोणी धरू शकत नाही, त्या देशात त्या वेळी १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. तेथील लोक बांधांच्या भरवशावर निर्धास्त झोपलेले होते.

खारेपाटातील बांधांना वादळाची वाट पाहावी लागत नाही. खेकडे आणि घुशी त्यांत बिळे करतात. बोटाएवढ्या बिळातून झिरपणारे पाणी माती बरोबर घेऊन जाते, बीळ रुंदावते आणि एखाद्या उधाणाच्या रात्री बांध तेथे खचतो. यास खांड जाणे म्हणतात. धरमतरच्या खाडीतून मालवाहू बार्जांची ये-जा वाढल्यापासून त्यांच्या लाटांनी बांध ढासळतात, अशीही तेथील शेतकऱ्यांची तक्रार आहे. शहापूर-धेरंड, मानकुळे या परिसरात खांडी जाऊन उधाणाचे पाणी शेतांत शिरल्याच्या घटना गेल्या काही दशकांत वारंवार घडल्या आहेत.

खांड गेल्यावर जे घडते ते उघड्या किनाऱ्यावरील पुरापेक्षा वेगळे असते. उघड्या किनाऱ्यावर पाणी जसे येते तसे ओहोटीबरोबर परत जाते. बांधाच्या आत शिरलेले पाणी मात्र सहज बाहेर पडत नाही; ज्या बांधाने त्याला अडवावयाचे तोच आता त्याला कोंडून धरतो. त्यातच मोठा पाऊस लागलेला असेल, तर बाहेरची पातळी चढलेली असल्याने उघाड्या बंद राहतात आणि आतले पाणी वाढत जाते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीहून खाली आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ वादळात तेथील बांध फुटले तेव्हा शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग जलमय झाला आणि ते पाणी उपसून काढण्यास कित्येक आठवडे लागले. खारेपाटात पाण्यामागून मीठही येते. एकदा खारे पाणी मुरले की दोन-तीन पावसाळे जमीन धुतल्याखेरीज तीत नीट पीक येत नाही.

आणखी एक गोष्ट फार सावकाश घडत असते. बांध घातल्यापासून आतल्या जमिनीवर भरतीबरोबर येणारा गाळ पडत नाही. बाहेर मात्र तो साचत राहतो. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की बाहेरचे खाजण उंच आणि आतले शेत सखल अशी स्थिती होते. समुद्राची पातळीही आता हळूहळू वाढत आहे. म्हणजे जो बांध आजोबांच्या काळी पुरेसा होता तो नातवाच्या काळी पुरत नाही. उंच करावयाचा तर त्याचा पायाही रुंद करावा लागतो, कारण खालचा चिखल अधिक भार सोसत नाही. शिवाय एका गावाने बांध पुढे सरकवून खाडी अरुंद केली, तर तिकडे न मावलेले पाणी समोरच्या वा वरच्या अंगाच्या गावाकडे वळते, हेही लक्षात घ्यावे लागते.

बांधाचा सर्वांत स्वस्त राखणदार म्हणजे त्याच्या बाहेर वाढणारी तिवरे. त्यांच्या दाट मुळांतून व बुंध्यांतून येताना लाटांचा जोर मोडतो आणि बांधापर्यंत पोहोचते ते दमलेले पाणी. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडण्यास मनाई केली, ती या दृष्टीने हिताचीच होय. पण खारेपाटातील शेतकऱ्याचे दुखणे निराळे आहे. खांड वर्षानुवर्षे न बुजविल्यामुळे त्याच्या शेतातच तिवरे उगवतात, वाढतात आणि मग ती तोडता येत नाहीत. सातबाऱ्यावर भातशेती आणि डोळ्यांसमोर वन, अशी त्याची अवस्था होते. बांधाबाहेरचे झाड त्याचे रक्षण करते, तेच बांधाच्या आत आले की त्याची जमीन घेते.

बांध कोणी राखावयाचा, हा प्रश्न खारेपाटात जुना आहे. १९३३ पासून सुमारे सहा वर्षे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांविरुद्ध जो संप केला, तो याच भूमीवर. पुढे खोती गेली, कुळे जमिनीची मालक झाली. बांध राखण्याची जुनी व्यवस्था मात्र मोडली आणि तिची जागा सरकारला घ्यावी लागली. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींसाठी कायदा केला आणि १९७९ साली महाराष्ट्र राज्याने नवा खारभूमी विकास कायदा केला. मंजूर योजनांतील बाहेरकाठ्यांचे काम त्यामुळे सरकारी खात्याकडे आले. मोठ्या कामांस खात्याची यंत्रे हवीतच. तथापि बोटाएवढे बीळ कागदोपत्री दिसत नाही. ते बांधावरून रोज चालणाऱ्यालाच दिसते.

म्हणूनच खांड लहान असते तेव्हा अनेक गावे खात्याची वाट न पाहता श्रमदानाने ती बुजवितात. हे काम भांगाच्या दिवसांत काढतात, कारण तेव्हा भरतीचे पाणी फार चढत नाही. ओहोटी लागली की माणसे चिखलात उतरतात, रांग धरतात आणि मातीची ढेकळे हातोहात पुढे देतात. पुढची भरती येण्यापूर्वी तोंड बंद व्हावे लागते. नाही तर सहा तासांचे श्रम पाण्यात जातात. तोंड बंद झाल्यावर पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडून ठेवतात, क्षार विरघळू देतात आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून ते सोडून देतात. असे पुनःपुन्हा केल्यावर खारेपण सोसणारे काळा राता किंवा भुरा राता हे जुने भात, अथवा पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने तयार केलेले वाण, त्या जमिनीत प्रथम लावले जातात.