धाकटीच्या लग्नाची शपथ

चि. दावीद यास,


धाकट्या बहिणीचे लग्न धर्माबाहेर होऊ देणार नाही, अशी शपथ तुझे बाबा तुझ्याकडून मागत आहेत आणि त्याला अब्राहामाचा दाखला देत आहेत. तो दाखला पूर्ण वाच. उत्पत्तीच्या २४व्या अध्यायात वृद्ध अब्राहाम कारभाऱ्याला आपल्या मांडीखाली हात ठेवायला लावतो आणि इसहाकासाठी कनानी मुलगी करायची नाही, आपल्या गोतातली आणायची, अशी शपथ घालतो. कारभारी तिथेच अडचण काढतो: मुलगी यायला तयार नसेल तर? अब्राहाम सांगतो, मग तू शपथेतून मोकळा. शपथ घालतानाच त्याने सुटकेची वाट ठेवली, आणि ती मुलीच्या मर्जीवर सोपवली. पुढे निघायच्या वेळी निवडलेल्या मुलीला, रिबकेला, बोलावून, जातेस का, असे विचारलेही जाते. शपथ कारभाऱ्यावर होती, रिबकेवर नव्हती. माझे म्हणणे हेच आहे: शपथ घेणाऱ्याला बांधते, तिच्या जोरावर दुसऱ्याचे लग्न बांधता येत नाही.

ही मर्यादा सोडली की काय होते, ते शास्त्यांच्या शेवटच्या अध्यायात दिसते. आपल्या मुली आपल्यातल्याच बन्यामीन वंशाला द्यायच्या नाहीत, अशी शपथ इस्राएलांनी मिस्पा येथे वाहिली. त्यांच्याशी झालेल्या लढाईनंतर बन्यामिनांचे ६०० पुरुष उरले, तेव्हा एक वंशच नाहीसा होणार म्हणून सगळे रडू लागले. पण शपथ मोडायची कोणाची तयारी नव्हती. मग याबेश-गिलाद हे नगर कापून काढले आणि तिथल्या ४०० कुमारिका आणल्या. त्याही पुरल्या नाहीत, तेव्हा शिलोच्या उत्सवात नाचणाऱ्या मुली पळवायला सांगितले. मुली तुम्ही दिल्या नाहीत, त्यामुळे तुम्ही दोषी नाही, अशी त्यांच्या बापांची समजूत घालायचे ठरले. शब्द पाळला गेला आणि मुलींचा बळी गेला. ग्रंथकार शेवटी एवढेच नोंदवतो की त्या काळी प्रत्येक जण आपल्याला बरे वाटेल ते करी. मला तो निवाडाच वाटतो.

बाबा नहेम्याकडे बोट दाखवतील, आणि तो आक्षेप वजनदार आहे. यरुशलेमेत परतलेल्या समाजाने मुली परक्यांना न देण्याची शपथ खरेच वाहिली होती. पुढे अर्धी मुले अश्दोदी बोलतात, यहुदी भाषा त्यांना येत नाही, हे पाहून नहेम्याने पुरुषांना मारले, त्यांचे केस उपटले आणि शपथ घ्यायला लावली. पुढची पिढी आपली राहणार नाही, ही भीती मी हलकी लेखत नाही. कोकणात शब्बाथला घाणा बंद ठेवून शनिवार तेली म्हणवून घेणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही ती होतीच. पण अनुवाद या ग्रंथाच्या ७व्या अध्यायात मनाईचे कारण स्पष्ट आहे: मुले परक्या देवांमागे जातील. प्रश्न उपासनेचा आहे, रक्ताचा नव्हे. म्हणूनच मवाबी रूथ सासूला स्वतःच्या तोंडाने शपथपूर्वक वचन देऊन त्या देवाची झाली, आणि ज्याच्यावरून तुझे नाव ठेवले तो राजा तिचा पणतू.

गणनेच्या ३०व्या अध्यायात मुलीचा नवस रद्द करण्याचा अधिकार बापाला आहे, असेही बाबा म्हणतील. आहे, पण तो ऐकल्या दिवशी तिला मोकळे करण्याचा अधिकार आहे. तिच्या तोंडी शपथ घालण्याचा, किंवा तिच्या वतीने भावाकडून वाहवून घेण्याचा अधिकार तिथे दिलेला नाही.

तेव्हा शपथ नम्रपणे नाकार. शब्बाथ घरात पाळला जाईल, बहिणीला शेमा प्रार्थनेचा अर्थ समजावून सांगशील, एवढे वचन बाबांना दे. ते तुझ्या हातात आहे. लग्नाविषयी काय ते तिला विचारा, आणि बाबा समोर असतानाच विचारा.

तुझा,
काका