निघोजच्या रांजणखळग्यांना जाण्याआधी



कुकडी नदीने निघोजजवळ काळ्या कातळात कोरलेली घळ चाकण-भोसरीकडच्या माणसाला एका दिवसात पाहून येण्याजोगी आहे. नदीच्या एका काठावर शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, दुसऱ्या काठावर पारनेर तालुक्यातले निघोज. दोन्ही काठांना मळगंगेचे देऊळ आहे. गावकरी या जागेला कुंड म्हणतात.

कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगरतात आणि खडक घासत खाली उतरतात. त्यातून रांजणासारखे खळगे होतात. पाणी ओसरल्यावर त्यांच्या तळाशी हे गुळगुळीत गोटे दिसतात. शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत झिजून फुटली की ते एक होतात आणि घळ वाढते. काठावर बसून हे निवांत पाहावे. नुसते फोटो काढून परतणाऱ्याला निम्मे निघोज दिसतच नाही.

जाण्याचा बेत मात्र निघोजचे आभाळ पाहून ठरवू नये. हा भाग पर्जन्यछायेचा आहे, पण कुकडी उगम पावते जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या परिसरात, आणि तिथला पाऊस धो-धो असतो. वाटेत माणिकडोह आणि येडगावची धरणे आहेत. कुंडावर ऊन असतानाही वरून पाणी येऊ शकते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा अरुंद घळीत शिरला आणि ११ पर्यटक दगावले. म्हणून पावसाळ्यात पात्रात पाऊल टाकू नये, आणि एरवीही जुन्नरकडचा पाऊस व धरणाचा विसर्ग यांची चौकशी करूनच निघावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चैत्रात मळगंगेची यात्रा भरते. तेव्हा गर्दी असते आणि दुपारी कातळ तापतो. ग्रँड कॅन्यनमध्ये उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ दरीत चालू नये असे सांगतात. निघोजलाही मार्चनंतर तोच नियम धरावा. सोबत भरपूर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट हवेत. खळग्याची कड घासून गुळगुळीत झालेली असते, वर शेवाळ. आत घसरलेल्याला भिंतीला हात धरायला जागा सापडत नाही. पोहता येणाऱ्यानेही त्यात उतरू नये.

चाकण-भोसरीकडच्या एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी कुंडावर रविवारएवढी गर्दी नसते. चाकण, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर आणि पुढे निघोज असा रस्ता आहे; शिरूरपासून निघोज सुमारे २५ किलोमीटर. तिसरी पाळी संपवून झोप न घेता दुचाकीवर बसू नये. परतताना शिक्रापूर-चाकण रस्ता कंटेनरांनी भरलेला असतो. तो उजेड असेपर्यंत पार करावा, आणि उशीर झालाच तर शिरूरला मुक्काम करून घरी फोन करावा.