संत्र्याचा केक आणि घरातला हिशेब

महिला संगती व बचत गटांसाठी अभ्यासपाठ
वाचन: 1 राजे 17:8-16, योहान 6:1-13, लूक 14:28-30



नाताळ जवळ आला की मेळघाटातल्या आमच्या बचत गटांच्या वह्यांत एकच गोष्ट दरवर्षी दिसते. नोव्हेंबरपर्यंत बचतीचे आकडे हळूहळू वाढत जातात आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून उचल सुरू होते. कपडे, मटण, पाहुणे आणि अलीकडे केक. गेल्या वर्षी एका बहिणीने मुलाचा पहिला वाढदिवस आणि नाताळ मिळून 2000 रुपये बाहेरून व्याजाने घेतले. ते फेडायला ती नवरा-मुलासह फेब्रुवारीत मैदानातल्या संत्र्याच्या बागांत तोडणीला गेली. मूल अंगणवाडीच्या वहीतून गळले आणि दोन महिने त्याचे वजन कोणी घेतले नाही. केक खाऊन झाला तो एका संध्याकाळी. म्हणून ह्या अंकाचा पाठ केकवर आहे.

काही सेवक बंधू मला विचारतात, "ताई, कोरकू घरात केक हवाच कशाला? त्यांची कुटकी आहे, ज्वारीची भाकर आहे, मोहाचे पदार्थ आहेत." त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. आपल्या घरचे अन्न कमी दर्जाचे आणि बेकरीचे ते मोठे, असे आपण शिकवता कामा नये. पण केक आमच्या पाड्यांवर कोणी मिशनवाल्याने आणलेला नाही. तो मोबाईलमधून आणि तालुक्याच्या बाजारातून आला आहे. लेकरे तो मागतात, आणि आईला 'नाही' म्हणणे जड जाते. प्रश्न एवढाच उरतो की तो केक कर्जाने येणार की आईच्या हाताने.

वचन काय दाखवते

सारफथच्या विधवेची गोष्ट आपण विश्वासाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण एक बारीक गोष्ट पाहा. एलीया तिच्याकडे भाकर मागतो तेव्हा ती घरात काय आहे ते नेमके सांगते: मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडे तेल. लाजून लपवत नाही, फुगवूनही सांगत नाही. चमत्कार त्या खऱ्या मोजमापापासून सुरू होतो.

पाच हजारांच्या जेवणातही तसेच. फिलिप्प खर्चाचा अंदाज देतो. अंद्रिया एका मुलाजवळच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या मोजून सांगतो. त्या भाकरी जवाच्या होत्या, हे फक्त योहान लिहितो; जव हे गरिबांचे धान्य होते. सगळे जेवल्यावरही प्रभू उरलेले तुकडे गोळा करायला लावतो, आणि टोपल्यांची मोजणी लिहून ठेवली आहे: बारा. लूकच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज बांधणारा तर आधी बसून खर्चच काढतो.

ह्यातून ह्या पाठाचा एकच मुद्दा घ्यायचा आहे: मोजणे म्हणजे अविश्वास नव्हे. घरात काय आहे ते मोजणारी बाईच उपकारस्तुती नीट करू शकते, कारण आपल्याला काय मिळाले आहे ते तिला ठाऊक असते.

संत्रेच का

कारण ते आपल्या दारात आहे. वरुड आणि मोर्शी हे संत्र्याचे तालुके आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहेत. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आंबिया बहाराचे फळ साधारण ऑक्टोबरअखेरपासून बाजारात येते, म्हणजे नाताळच्या सुमारास ते भरपूर आणि स्वस्त असते. मृग बहाराचे फळ फेब्रुवारीपासून येते, ते ईस्टरच्या आसपास उपयोगी पडते. केकसाठी मोठे, देखणे फळ लागत नाही. लहान किंवा सालीवर डाग असलेले, पण आतून चांगले फळ पुरेसे आहे.

सामान

गटातल्या बहुतेक घरांत वजनकाटा नाही, म्हणून सगळे माप एकाच वाटीचे घ्या. चहाचा नेहमीचा लहान पेला, ज्यात सुमारे 150 मिली पाणी मावते, तो चालेल. मध्येच वाटी बदलू नका.

केकसाठी: मैदा 1 वाटी, गव्हाचे पीठ 1 वाटी, साखर 1 वाटी, तेल अर्धी वाटी, ताजे दही पाऊण वाटी, संत्र्याचा रस पाऊण वाटी, बेकिंग पावडर 1 लहान चमचा, खायचा सोडा अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ, 3 संत्र्यांच्या सालीचा कीस.

मधल्या थरासाठी: संत्र्याचा रस 1 वाटी, साखर 2 मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर दीड मोठा चमचा, अर्ध्या लिंबाचा रस.

ह्यात अंडी नाहीत, लोणी नाही, क्रीम नाही. दही आणि संत्र्याचा रस आंबट असतात. त्यांची सोड्याशी गाठ पडली की वायू तयार होतो आणि केक फुगतो. घरी कोंबडीची अंडी असतील तर ती लेकरांना उकडून द्या. तिथे ती जास्त उपयोगी आहेत.

कृती

1. संत्री कोमट पाण्यात चोळून धुवा. साल काढण्याआधी, अख्ख्या फळावरच किसणी हलकी फिरवा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ती सुटली की किसता येत नाही. फक्त वरचा नारिंगी थर घ्या, कारण वास देणारे तेल त्यातच असते. खालचा पांढरा थर कडू असतो.

2. हा कीस साखरेत घालून बोटांनी दोन मिनिटे चोळा. साखर ओलसर आणि सुगंधी होते. बाजारचा इसेन्स विकत घेण्याची गरज राहत नाही.

3. रस अगदी शेवटी, हाताने पिळून काढा आणि गाळून घ्या. बिया मिक्सरमध्ये फिरवू नका. संत्र्याच्या बिया आणि पापुद्रे चेचले गेले किंवा रस बराच वेळ राहिला, की तो कडवट होतो.

4. पातेल्याच्या तळाशी बोटभर जाडीची कोरडी, स्वच्छ वाळू किंवा जाडे मीठ पसरा, त्यावर लहान कडे ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर 10 मिनिटे तापवा. पाणी घालायचे नाही. हे मीठ नंतर डब्यात भरून ठेवा. दर वेळी तेच वापरता येते. कुकरपेक्षा जाड बुडाचे जुने पातेले चांगले, कारण शिट्टी आणि रिंग काढायची आठवण ठेवावी लागत नाही.

5. दही, तेल, साखर आणि रस एकत्र फेटा. मैदा, पीठ, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून त्यात घाला. पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळा. जास्त घोटले तर केक चिवट होतो. मिश्रण फार घट्ट वाटले तर 1-2 चमचे दूध घाला.

6. सुमारे 6 इंच रुंदीच्या सपाट डब्याला तेल लावून पीठ भुरभुरवा, मिश्रण ओता आणि लगेच पातेल्यात ठेवा. सोड्याचे काम सुरू झालेले असते, त्याला थांबवून ठेवू नका. मंद आचेवर 40 ते 50 मिनिटे लागतात. पहिली 30 मिनिटे झाकण उघडू नका, नाही तर मधोमध बसतो. बांबूची बारीक काडी खुपसून पाहा. ती कोरडी बाहेर आली म्हणजे झाला.

चुलीवर करायचा असेल तर जाळ नको, निखारे हवेत. थोडे खाली आणि थोडे झाकणावर. गोव्यात बेबिंकाचे थर असेच वरच्या निखाऱ्यांवर भाजतात, त्यामुळे ही पद्धत कमीपणाची आहे असे कोणी समजू नये.

7. थर करण्यासाठी दोन केक भाजू नका, त्याला दुप्पट इंधन जाते. एकच केक भाजा, पूर्ण गार होऊ द्या. रात्रभर ठेवला तर उत्तम. मग मधोमध सुरीने कडेने खूण करा, त्या खुणेत स्वच्छ दोरा बसवा, दोन्ही टोके एकमेकांवरून ओढा. केकचे दोन सारखे थर होतात.

8. कॉर्नफ्लोअर थोड्या गार रसात कालवा, मग बाकीचा रस आणि साखर घालून मंद आचेवर ढवळा. पांढरट मिश्रण पारदर्शक आणि दाट झाले की उतरवून लिंबू पिळा. गार झाल्यावर खालच्या थरावर पसरा, वरचा थर ठेवा, उरलेले वर लावा.

ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी मधला थर नाताळच्या सकाळीच भरावा आणि केक त्याच दिवशी संपवावा. नुसता, न भरलेला केक थंडीच्या दिवसांत 2-3 दिवस टिकतो.

सालीचे काय

किसून उरलेल्या साली फेकू नका. पांढरा भाग चमच्याने खरवडा, बारीक पट्ट्या कापा, दोनदा पाण्यात उकळून ते पाणी फेका. मग थोड्या साखरेच्या पाकात शिजवून सावलीत सुकवा. केकवर ह्याच सजावटीला ठेवा. बारा टोपल्यांचा धडा स्वयंपाकघरात असा शिकता येतो.

हिशेब

मी आमच्या आठवडी बाजाराच्या दराने मांडला आहे. तुम्ही तुमचे दर घाला.

मैदा व पीठ: 7 रुपये
साखर (पाकासह): 10 रुपये
तेल: 11 रुपये
दही: 9 रुपये
संत्री 1 किलो: 30 रुपये
बेकिंग पावडर, सोडा, कॉर्नफ्लोअर, लिंबू: 8 रुपये
गॅस: 8 रुपये
एकूण: 83 रुपये

ह्याचे 10 तुकडे होतात, म्हणजे एका तुकड्याला 8 रुपये 30 पैसे. बेकिंग पावडरचा डबा एकट्या घराने घेतला तर महाग पडतो आणि जुना झाला की त्याचा जोर जातो. गटाने एकच घ्यावा आणि चमच्याने वाटावा. 1 किलो संत्र्यांतून रस काढून एक-दोन फळे उरतात. ती लेकरांना तशीच सोलून द्या, कारण शिजवल्यावर संत्र्यातले क जीवनसत्त्व बरेचसे कमी होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. केक हे पोषण नव्हे. ज्या घरात मूल कमी वजनाचे आहे तिथे आधी डाळ, अंडी, पालेभाजी आणि अंगणवाडीत नियमित वजन, केक सणाला. आणि नाताळच्या ताटात कुटकीचा भात किंवा ज्वारीची भाकर केकच्या शेजारी मानाने असू द्या. गटाला पुढे केक विकायचा विचार आला तर आधी अन्न व्यवसायाची एफएसएसएआय नोंदणी करून घ्यावी.

वर सांगितलेली बहीण ह्या वर्षी गटात आहे. ऑक्टोबरपासून ती दर आठवड्याला 10 रुपये 'नाताळ' असे लिहून वेगळे ठेवते. नाताळपर्यंत 120 रुपये होतील. केक त्यात बसतो आणि 37 रुपये उरतात. परवा तिने मला विचारले, "ताई, त्या 37 रुपयांत शेजारच्या म्हातारीला नेऊन द्यायला अजून अर्धा केक होईल का?" आम्ही दोघींनी वही काढली. अर्ध्या केकला साधारण 42 रुपये लागतात. पाच रुपये कमी पडतात, ते ती पुढच्या आठवड्यात टाकणार आहे.

गटात चर्चेसाठी

1. गेल्या नाताळला आपल्या घरातून किती खर्च झाला? त्यातला किती उसना होता?
2. सारफथच्या विधवेने आपल्याकडे किती आहे ते खरे सांगितले. आपल्याला ते सांगायला संकोच कुठे वाटतो?
3. आपल्या स्वयंपाकघरातले कोणते 'तुकडे' आपण गोळा करत नाही?
4. केकचा एक तुकडा ह्या वर्षी कोणाच्या घरी पोहोचला पाहिजे?

प्रार्थना

हंगामी कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांसाठी, त्यांच्याबरोबर जाणाऱ्या लेकरांसाठी, आणि कर्जाविना सण साजरा करण्याचा निश्चय केलेल्या आमच्या बहिणींसाठी प्रार्थना करावी ही विनंती.