निधिवास : माती, नदी आणि पोथी

स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चौघांचे महत्त्व सर्व उपदेशी मंडळी जाणतात. त्यांपैकी स्थानासंबंधी जिज्ञासू नेहमी एक शंका विचारतात. स्थान वंद्य ठरते ते परमेश्वराच्या संबंधामुळे, दगडामातीच्या गुणामुळे नव्हे. मग तो संबंध अमुक ठिकाणीच घडला, हे आज सातशे वर्षांनंतर कशावरून जाणावे? गाव सरकते, देऊळ पडते, नदी काठ कापीत जाते. अशा वेळी साक्ष कोणाची? या शंकेचा विचार एका लहानशा नदीकाठच्या गावाच्या आधारे करू. ते गाव म्हणजे निधिवास, अर्थात आजचे नेवासे.

नेवासे हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील तालुक्याचे गाव प्रवरेच्या दोन्ही काठांवर वसले आहे. एका काठास नेवासे खुर्द, दुसऱ्या काठास नेवासे बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटे व बुद्रुक म्हणजे थोरले. परंतु येथे तालुक्याचे ठाणे आणि मोठी वस्ती खुर्दात आहे. थोरलेपण नावात राहिले आणि गाव पलीकडे वाढले. नाव आणि वस्तुस्थिती यांत काळ कसे अंतर पाडतो, याचे हे पहिले उदाहरण होय.

प्रवरा रतनगडाच्या परिसरात सह्याद्रीत उगम पावते, अकोले व संगमनेरवरून खाली येते आणि नेवाशाच्या पुढे प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. ज्या बेलापुराहून सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, ते बेलापूरही याच नदीच्या काठी, नेवाशाच्या वरच्या अंगास आहे. म्हणून हे खोरे आपणा सर्वांस विशेष आदराचे आहे.

निधिवास या नावाचा अर्थ कुबेराच्या निधीचा वास, असा लोक सांगतात. अमृतवाटपाची कथाही येथेच जोडली जाते. राहूचे शिर राहुरीस व काया कायगावी पडली, अशी त्या कथेची शेजारगावांशी सांगड घातलेली आहे. येथील मोहिनीराजाचे देऊळ होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात बांधविले. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी याच गावी पूर्ण झाली. जिला टेकून ती सांगितली अशी वारकरी मंडळींची श्रद्धा आहे, त्या शिळास्तंभावर करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा लेख आहे. यादवकाळी हे गाव नांदते व विद्येचे होते, यात संशय उरत नाही.

आता मातीची साक्ष पाहू. डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले. त्याचा वृत्तांत १९६० साली प्रसिद्ध झाला. नदीच्या दगडगोट्यांच्या थरांत अश्मयुगीन माणसाची हत्यारे मिळाली. त्यांतील मध्य पुराणाश्मयुगीन हत्यारांच्या परंपरेस विद्वान या गावाच्याच नावाने ओळखतात. टेकाडात ताम्रपाषाण काळातील, म्हणजे इ. स. पूर्व १५०० ते १००० च्या सुमाराची, शेतकऱ्यांची वस्ती आढळली. तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी काढणारे हे लोक मृत बालकास दोन मडक्यांत, तोंडास तोंड लावून, घराच्याच भुईखाली पुरीत. लेकराला घराबाहेर जाऊ न देणारी ती माया आजही मनास स्पर्श करते. त्यानंतर मोठा खंड पडला. मग सातवाहनकाळी पुन्हा वस्ती झाली आणि रोमन व्यापाराच्या खुणाही सापडल्या.

येथे साधकाने लक्ष द्यावे. त्या टेकाडाच्या थरांच्या क्रमात रोमन व्यापाराच्या काळानंतर एकदम मुसलमानी व मराठेशाहीचा थर येतो. मधल्या यादवकाळाचा स्वतंत्र थर तेथे नाही. केवळ त्या मातीवर विसंबणाऱ्याने ‘त्या काळी येथे गावच नव्हते’ असे म्हटले असते, आणि ते सपशेल चुकले असते. कारण ग्रंथ आणि शिलालेख त्याच काळातील गावाची ग्वाही देतात. वस्ती टेकाडावरून अन्यत्र सरकली असेल, एवढाच त्याचा अर्थ. माती खोटे बोलत नाही. पण जेथे खणले तेवढेच ती सांगते.

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना व ऐकणाऱ्यांना विचारून. त्या लीळांत गावोगावची नावे आली. पुढे मुनिव्यासांनी स्थानपोथी सिद्ध केली. गाव, देऊळ, दिशा. वसति कोठे, अवस्थान कोठे, आसन कोठे, असा एकेका स्थानाचा निर्देश तीत आहे. यादवकालीन गावांची रचना जाणण्यासाठी आज इतिहासाचे अभ्यासकही तिच्याकडे वळतात. ‘येथे कोठेतरी’ एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. स्मरण नेमके असावे, हा त्यांचा आग्रह होता. कारण स्मरण ढिले झाले की स्थान लोकांच्या सोयीप्रमाणे सरकू लागते.

तरीही पोथीवर निश्चिंत राहता येत नाही. परचक्राच्या धाडीत मूळ लीळाचरित्र गेले व पुढे ते स्मरणाच्या आधारे पुन्हा जुळवावे लागले, असे आपली परंपरा सांगते. पाठभेद त्यातूनच निपजले. भूमीही तशीच अस्थिर. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेचे पाणी कालव्यांनी शेतांत गेले. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाल्यावर नाथसागराचा फुगवटा प्रवरासंगमापर्यंत आला आणि गोदाकाठची कित्येक जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. पाणी चढले की ओटा व पायरी दिसत नाहीत. त्यांची नोंद असेल तरच त्यांचे स्थान सांगता येते.

म्हणून आरंभीच्या शंकेचे उत्तर असे : साक्ष एकाची नव्हे. पोथीचा निर्देश, भूमीवरील खूण आणि जाणत्या वृद्धांचे सांगणे, ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहावीत. कोठे विसंगती दिसली तर ती झाकू नये, लिहून ठेवावी. जीर्णोद्धार करताना जुन्या ओट्याचे माप, दिशा आणि जवळच्या देवळापासूनचे अंतर आधी नोंदवावे, मगच नवा दगड बसवावा. संगमरवराच्या हौसेपायी मूळ खूण गाडली गेली तर पुढच्या पिढीचा नमस्कार परमेश्वराच्या संबंधाला न होता केवळ आपल्या बांधकामाला होईल.

निधिवासाचा खरा निधी कुबेराचा असो वा नसो. जतन केलेले स्मरण हा निधी मात्र आपल्या हाती आहे. तो मुनिव्यासांनी चालून, पाहून व विचारून मिळविला. आपणही स्थानवंदनास जाताना पोथी बरोबर न्यावी, आणि परतताना एखादी खरी नोंद तरी बरोबर आणावी.

दंडवत प्रणाम.