माझ्या फोनवर तर चालतंय!

अॅपमधली एखादी गोष्ट आपल्या फोनवर बिघडली की शेजारचा लगेच म्हणतो, "माझ्या फोनवर तर चालतंय!" तो खोटं बोलत नसतो. मग दोष कुणाचा? तो कसा शोधायचा, हे आज बघू.

पुष्कळ अॅप्सची आतली पानं म्हणजे साधी वेबपेजेस असतात. ती दाखवायला अॅपच्या पोटात एक ब्राउझर बसवलेला असतो. अँड्रॉइडमध्ये त्याला वेबव्ह्यू म्हणतात. २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून तो क्रोमियमवर चालतो आणि २०१४ च्या ५.० पासून प्ले स्टोअरमधून वेगळा अपडेट होतो. त्यामुळे अॅप एकच असलं तरी दोन फोनवर वेबव्ह्यूच्या आवृत्त्या वेगळ्या असू शकतात. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूमधल्या अशाच एका बिघाडामुळे जगभर जीमेलसारखी अॅप्स उघडताच बंद पडत होती. अॅप बदललं नव्हतं, पोटातला ब्राउझर बिघडला होता!

आता एक खरी केस. आमच्या मजल्यावरचा एक मित्र अॅपमधून शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होता. सगळी माहिती भरायची, कॅमेऱ्याने मार्कशीटचा फोटो काढायचा आणि परत यावं तर फॉर्म कोरा! तीनदा असंच झालं. शेवटची तारीख दोन दिवसांवर, आणि सगळे म्हणतात, "तुलाच जमत नाही." मग आम्ही पायरीपायरीने तपासलं.

१) तोच अर्ज त्याच फोनवर क्रोममध्ये उघडला. तिथे फॉर्म टिकला. म्हणजे पान ठीक, संशय अॅपवर.

२) तेच अॅप माझ्या फोनवर चालवलं. नीट चाललं. म्हणजे दोन फोनमधला काहीतरी फरक कारणीभूत.

३) फरक एकेक करून काढले. दोन्हीकडे वेबव्ह्यू अपडेट करून आवृत्ती सारखी केली, तरी त्याचा फॉर्म कोराच. उरलेला मोठा फरक मेमरीचा. त्याच्या फोनची रॅम फक्त २ जीबी.

४) संशय सिद्ध करायला माझ्या फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप अॅक्टिव्हिटीज' चालू केलं. मागे गेलेली स्क्रीन सिस्टिम यात लगेच मोडून टाकते. आणि माझाही फॉर्म कोरा झाला!

कारण सापडलं. कॅमेरा उघडला की मेमरी कमी पडते, मग सिस्टिम मागचं अॅप काढून टाकते. परत आल्यावर अॅप पान नव्याने लोड करतं आणि भरलेलं सगळं जातं. मित्राने अर्ज क्रोममधूनच भरला, तोही वेळेत. खरा उपाय मात्र अॅप करणाऱ्याच्या हातात आहे. भरलेली माहिती वेळोवेळी साठवायची आणि पान उघडताच परत भरायची.

प्रोजेक्टसाठी अॅप करणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी बघाव्यात. वेबव्ह्यूमध्ये जावास्क्रिप्ट आणि डॉम स्टोरेज मुळात बंद असतात, ती आपण चालू करावी लागतात. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी केली की वेबव्ह्यूमधली अक्षरंही वाढतात आणि बटणं सरकतात, तेही तपासा. कोडमध्ये वेबव्ह्यूचं डिबगिंग चालू करून फोन केबलने जोडला, तर कॉम्प्युटरवरच्या क्रोममधून आतलं पान आणि त्यातल्या एरर्स दिसतात. अॅप लोकांना देताना ते बंद करायला विसरू नका.

आणि तक्रार कळवताना फक्त "चालत नाही" लिहू नका. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड आणि वेबव्ह्यूची आवृत्ती, काय केल्यावर बिघडलं आणि किती वेळा, एवढं लिहा. आणि हो, टेस्टिंगला मजल्यावरचा सगळ्यात जुना, स्वस्त फोन आधी मागून आणा. अर्ज भरणाऱ्या कितीतरी जणांच्या हातात तसाच फोन असतो.