चुकीच्या उत्तराचा उगम
वडाळ्याच्या परिसरातून अध्यापनाचे काही पाठ

विद्यार्थ्याचे मन ही कोरी पाटी असते आणि शिक्षकाने तीवर योग्य तेवढे लिहावे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. प्रत्यक्षात सहा-सात वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा पाणी, ऊन, चंद्र, वजन, संख्या यांविषयीच्या अनेक कल्पना ते बरोबर घेऊन येते. या कल्पना त्याने पाहून, ऐकून आणि स्वतःच्या तर्काने बनविलेल्या असतात. त्यांतील काही बरोबर असतात, काही चुकीच्या. मात्र चुकीच्या कल्पनांनाही अनुभवाचा आधार असल्यामुळे त्या फळ्यावरील एका व्याख्येने नाहीशा होत नाहीत. परीक्षेपुरते विद्यार्थी पुस्तकातील वाक्य लिहितो आणि मनात जुनी कल्पना तशीच राहते.

हा दोष केवळ लहान मुलांचा किंवा मागास शाळांचा नव्हे. १९८७ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या एका शैक्षणिक चित्रपटासाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्रकला का दिसतात, असे विचारण्यात आले होते. त्यांत पदवीधर होते, तसेच अध्यापकही होते. २३ पैकी २१ जणांची उत्तरे चुकीची निघाली. शालेय वयात न तपासलेली कल्पना उच्च शिक्षणानंतरही टिकून राहते, हे त्यावरून दिसून आले.

आपल्या राज्यातही या विषयाचा अभ्यास झाला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. आरंभी या केंद्राचे काम नाना चौकातील महानगरपालिकेच्या शाळेच्या इमारतीतून चाले. १९९२ मध्ये ते मानखुर्द येथे स्वतःच्या वास्तूत गेले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत आणि पुढे मुंबईच्या महानगरपालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर केंद्राने जे प्रयोग केले, त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. ज्यांना ‘कच्चे’ समजले जाते त्या विद्यार्थ्यांची अडचण पुष्कळदा बुद्धीची नसून भाषेची आणि न तपासलेल्या समजुतींची असते. सोपी भाषा व योग्य मार्गदर्शन मिळाल्यावर याच विद्यार्थ्यांच्या यशात लक्षणीय वाढ झाली.

अशा समजुती तपासण्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नसते. मुंबईतील वडाळ्यासारखा परिसर उदाहरणादाखल घेतल्यास, तेथील मिठागराची जमीन, खाडीचे पाणी, विठ्ठल मंदिराची एकादशी आणि वर्गात बोलल्या जाणाऱ्या अनेक भाषा यांतून पुरेसे पाठ मिळतात.

मिठागराचा पाठ

मुंबईतील मिठागरांच्या जुन्या पट्ट्यांपैकी एक वडाळ्याच्या पूर्वेस आहे. उथळ वाफ्यांत भरतीचे पाणी घ्यावयाचे, उन्हाने ते आटवावयाचे आणि तळाशी राहिलेले मीठ गोळा करावयाचे, ही या धंद्याची रीत होय. मीठ कोठून आले, असे विचारल्यास विद्यार्थ्यांकडून साधारणपणे तीन प्रकारची उत्तरे येतात. उन्हाने पाण्याचे मीठ होते, हे पहिले. पाणी जमिनीत मुरते आणि मीठ वर येते, हे दुसरे. मीठ पाण्यात होते व पाण्याची वाफ झाल्यावर ते मागे राहिले, हे तिसरे आणि योग्य उत्तर. पहिली दोन उत्तरे हास्यास्पद मानण्याचे कारण नाही. विरघळलेले मीठ डोळ्यांना दिसत नाही, वाफही दिसत नाही. जे दिसते त्यावरून मुलाने अनुमान केलेले असते.

या अनुमानाची परीक्षा वर्गातच घेता येते. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याच बेताने एक किलोग्रॅम पिण्याच्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ टाकून ढवळावे आणि द्रावणाचे वजन किती भरेल, हे विद्यार्थ्यांकडून आधी लिहून घ्यावे. ‘मीठ नाहीसे झाले, म्हणून १,००० ग्रॅम’ असे काही जण लिहितील. तराजू १,०३५ ग्रॅम दाखवील. नंतर एका थाळीत १०० ग्रॅम द्रावण आणि दुसऱ्या थाळीत १०० ग्रॅम साधे पाणी घेऊन दोन्ही उन्हात ठेवाव्यात. थाळीतून पाणी मुरण्याचा प्रश्न नाही. पाण्याचेच मीठ होत असेल, तर दोन्ही थाळ्यांत ते सारखे मिळावयास हवे. पूर्ण सुकल्यावर पहिल्या थाळीत सुमारे साडेतीन ग्रॅम मीठ राहते. दुसऱ्या थाळीत फार तर पुसट डाग दिसतो. विद्यार्थ्याने आपले भाकीत आधी लिहिलेले असल्यामुळे ते कोठे चुकले, हे त्याला स्वतःलाच उमगते.

येथे भाषेकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. घरी मूल ‘बर्फ विरघळला’ असे म्हणते. पुस्तकात बर्फ वितळतो आणि मीठ विरघळते. द्राव्य, द्रावक व द्रावण हे तीन शब्द तर ऐकताना एकमेकांत मिसळतात. प्रथम रोजच्या बोलीत प्रयोग समजावून घ्यावा आणि मग पारिभाषिक शब्द द्यावा, हा क्रम अधिक हितावह ठरतो.

एकादशीचा चंद्र

वडाळ्याचे विठ्ठल मंदिर ‘प्रतिपंढरपूर’ म्हणून ओळखले जाते आणि आषाढी एकादशीला तेथे भाविकांची मोठी रांग लागते. एकादशी ही तिथी परिसरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ती चंद्रावरून ठरते, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. चंद्र सूर्यापासून १२ अंश दूर गेला की एक तिथी पूर्ण होते, आणि अशा ३० तिथींचा चांद्रमास होतो.

चंद्र कधी कोरीएवढा तर कधी पूर्ण का दिसतो, या प्रश्नाला ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून’ असे उत्तर वारंवार मिळते. ग्रहणाचा पाठ वाचल्यावर ते अधिकच पक्के होते. शुद्ध अष्टमीच्या सूर्यास्ताला विद्यार्थ्यांना आकाश पाहावयास सांगावे. सूर्य पश्चिमेस मावळत असतो आणि अर्धा चंद्र डोक्यावर असतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे त्या वेळी पूर्वेकडे पडते; ती डोक्यावरील चंद्रापर्यंत पोहोचणार कशी? सावली चंद्रावर पडू शकते ती केवळ पौर्णिमेस, आणि तसे घडते तेव्हा आपण त्याला चंद्रग्रहण म्हणतो.

मग कलेचे कारण काय? शुद्ध अष्टमी ते एकादशी या दिवसांत दुपारी चारच्या सुमारास सूर्य व चंद्र दोन्ही आकाशात असतात. त्या वेळी शाळेच्या पटांगणात विद्यार्थ्याने एक पांढरा चेंडू उन्हात, चंद्राच्या दिशेने हात लांब करून धरावा. चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, तेवढाच चंद्राचा दिसतो. दोहोंवर एकाच सूर्याचा प्रकाश पडत असून उजळलेल्या अर्ध्या भागापैकी किती भाग आपल्या बाजूस आहे, यावर कला अवलंबून असते. आषाढात ढगांमुळे हे निरीक्षण सहसा जमत नाही. कार्तिकी एकादशीच्या सुमारास आकाश बहुधा निरभ्र असते, तेव्हा ते करावे.

याच पाठाला भरती-ओहोटी जोडता येते. पौर्णिमेला चंद्र ‘मोठा’ असतो म्हणून उधाण येते, अशी एक समजूत आहे. पावसाळ्यात महानगरपालिका मोठ्या भरतीच्या वेळा व उंची जाहीर करते. त्या महिनाभर वहीत नोंदविल्यास अमावास्येच्या सुमारासही उधाण येते आणि अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते, हे आकड्यांवरून दिसते. चंद्राचे न दिसणे आणि चंद्राचे नसणे यांतील फरक त्यामुळे कळतो.

पंचवीस की बावन्न?

गणितातील एक चूक सर्वत्र आढळते. ‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहिते. मराठीत एककाचे नाव आधी आणि दशकाचे नंतर येते, तर लिहिताना दशक आधी लिहावा लागतो. मुलाने जे ऐकले तेच क्रमाने लिहिलेले असते. जर्मन भाषेतही नावांचा क्रम असाच आहे. तमिळ, तेलुगू, कन्नड व मल्याळम या भाषांत मात्र दशकाचे नाव आधी येते. वडाळा-माटुंगा भागात दाक्षिणात्य कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा घरातील मुलाला मराठी वर्गात हा क्रम उलटा वाटणे साहजिक आहे. ‘एकोणतीस’सारख्या नावात आणखी एक अडचण असते, कारण त्यात तीस ऐकू येते आणि लिहावयाचे असते २९.

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी पर्यायी वाचनपद्धती देण्यात आली, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि विधिमंडळातही चर्चा झाली. गणितज्ञ मंगला नारळीकर या तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्षा होत्या. संख्यानामांविषयी मतभेद असू शकतात. पण मूल का चुकते, हा प्रश्न त्या निमित्ताने घराघरांत पोहोचला. दहा-दहा काड्यांच्या जुड्या व सुट्या काड्या हाताळून ‘दोन दशक पाच’ म्हणत पंचवीसकडे गेल्यास, कोणतीही नावे वापरली तरी चूक कमी होते.

शिक्षक, पालक आणि पंचायत

गैरसमज केवळ विद्यार्थ्यांचे नसतात. ‘समजले का?’ या प्रश्नाला वर्गाने एका सुरात ‘हो’ म्हटले म्हणजे पाठ समजला, वही नीटनेटकी म्हणजे अभ्यास चांगला, चुकीचे उत्तर म्हणजे दुर्लक्ष, या समजुती मोठ्यांच्या आहेत. त्यांची किंमत मूल मोजते. ज्याच्या घरी शिकलेले कोणी नाही, त्याच्या उत्तरावर फुली पडली की ती सुधारून देणारा दुसरा कोणी नसतो. ‘आपल्याला हे जमणार नाही’ अशी त्याची खात्री होते आणि पुढे शाळाच सुटते.

यास्तव शिक्षकांनी पाठापूर्वी एक प्रश्न विचारून सर्व उत्तरे, चुकीचीही, फळ्यावर लिहावीत. भाकीत लिहून घेऊन मग प्रयोग करावा. आणि पंधरा दिवसांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारावा. पर्यवेक्षक अधिकाऱ्यांनी शाळाभेटीत वह्यांच्या तपासणीबरोबर दोन-तीन विद्यार्थ्यांना ‘तुला असे का वाटते?’ असे विचारावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीने व पंचायत सदस्यांनी तराजू, थाळ्या, चेंडू, काड्या अशा साध्या साहित्याची तरतूद केल्यास वरील सर्व पाठ कोणत्याही गावात घेता येतील. पेण-उरणकडे मिठागरे आहेत, किनाऱ्यावरील प्रत्येक गावाला भरती आहे, आणि अष्टमीचा चंद्र तर राज्यातील प्रत्येक शाळेच्या पटांगणावरून दिसतो.